बाकं परत आली नाहीत

चर्चमध्ये शिरलं की नजर आधी बाकांकडे जाते. अहमदनगरचं चर्च घ्या, वसईचं घ्या किंवा पुण्याच्या गुरुवार पेठेतलं पंचहौदचं. मधून वाट, दोन्ही अंगांना लाकडी बाकांच्या ओळी, समोर वेदी. हे चित्र आपल्या डोळ्यांत पक्कं बसलेलं असतं. न्यूयॉर्कमध्ये नववा अव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावरच्या होली अपॉसल्स चर्चमध्ये मात्र ती बाकं नाहीत. वर उंच छत आहे, भिंतींत दीडशे वर्षांहून जुन्या रंगीत काचा आहेत, वेदी जागच्या जागी आहे. जमीन तेवढी मोकळी. सोमवार ते शुक्रवार या मोकळ्या जमिनीवर गोल टेबलं आणि खुर्च्या मांडल्या जातात आणि दुपारपर्यंत हजाराच्या आसपास माणसं तिथे जेवून जातात. रविवारी टेबलं हलतात आणि त्याच जागी उपासना होते.

आपल्या अन्नछत्राच्या स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडच्या स्वयंपाकघराचा इतिहास कशाला, असं कोणी विचारलं तर उत्तर या बाकांपाशी आहे. भुकेल्याला अन्न देणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी स्वयंपाक मागच्या अंगणात होतो, तळघरात होतो, शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतो. मुख्य वास्तू त्यापासून राखून ठेवलेली असते. आपल्याकडेही गाभारा वेगळा आणि भक्तनिवासामागची भटारखान्याची जागा वेगळी. होली अपॉसल्सच्या लोकांनी आपल्या वास्तूतली सर्वांत देखणी खोली पंगतीला दिली. हे ठरवून झालं की परिस्थितीने घडवलं, याचं उत्तर थोडं थोडं दोन्ही आहे.

मंडळी स्थापन झाली १८४४ मध्ये. चेल्सी नावाचा हा भाग तेव्हा हडसन नदीच्या धक्क्यांवर राबणाऱ्यांचा होता आणि त्यांत नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी लोक बरेच होते. चर्चची इमारत १८४५ ते १८४८ या काळात उभी राहिली. वास्तुकार होते मिनार्ड लफीव्हर. रंगीत काचा विल्यम जे बोल्टन यांच्या. १८५८ मध्ये रिचर्ड अपजॉन यांच्या पेढीने दोन्ही बाजूंना जागा वाढवून इमारतीला क्रूसाचा आकार दिला. मोठ्या देवळांच्या मानाने हे चर्च लहानच. पंथ एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतला अँग्लिकन. पंचहौदचं चर्च ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातली ही अमेरिकेतली शाखा.

इमारतीच्या भिंती चढत होत्या त्याच सुमाराला अटलांटिकच्या पलीकडे आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजून लाखो माणसं मरत होती. १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथे सूपची सार्वजनिक स्वयंपाकघरं चालवण्याचा कायदा केला. लोकांच्या तोंडी त्याचं नाव 'सूप किचन'चा कायदा, कागदावरचं नाव तात्पुरत्या मदतीचा कायदा. त्या उन्हाळ्यात एका टप्प्यावर रोज सुमारे ३० लाख माणसं त्या सूपवर जगत होती. शरद ऋतू येईपर्यंत सरकारने ही स्वयंपाकघरं बंद केली. दुष्काळ संपलेला नव्हता, 'तात्पुरतं' संपलं होतं. याच काळात काही प्रोटेस्टंट मिशनांवर असा आरोप झाला की ते सूप देताना धर्म बदलायला लावतात. आयरिश समाजात 'सूप घेतलं' हा पुढे पिढ्यान्‌पिढ्या टोमणा होऊन राहिला. दुष्काळातून जीव वाचवून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलेल्या आयरिश कुटुंबांनी ही आठवण सोबत आणली होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण चर्च आणि अन्न ही जोडी दिसते तेवढी सरळ नसते. आपल्याला हे वेगळं सांगायला नको. १८९० मध्ये पंचहौद मिशनात पुण्यातल्या थोरामोठ्यांनी चहा घेतला, गोपाळराव जोश्यांनी त्यांची नावं छापवली आणि रानडे-टिळकांसकट सगळ्यांमागे ग्रामण्य लागलं. कुणाच्या हातचं खाल्लं, कुठे बसून खाल्लं, त्याबदल्यात काय दिलं, हे प्रश्न आपल्या हाडीमाशी खिळलेले आहेत. म्हणून होली अपॉसल्सचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. जेवणाआधी प्रवचन नाही, प्रार्थनेची सक्ती नाही, नाव-गाव-कारण विचारणं नाही. रांगेत उभा राहिला तो जेवणार. धर्माच्या घरात दिलेलं अन्न बिनशर्त असावं, हा नियम दिसायला सोपा आहे. तो पाळायला सूपचा तो सगळा इतिहास पचवावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धक्क्यांवरचं काम कमी झालं, वस्ती बदलली. भोवतालची जुनी घरं पाडून तिथे स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने पेन साउथ नावाची सहकारी वसाहत उभारली. २,८२० घरांच्या या वसाहतीचं उद्‌घाटन १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केलं. कामगार संघटनेने आपल्या सभासदांसाठी शहराच्या मध्यावर घरं बांधली आणि ती आजही मध्यम उत्पन्नाच्या माणसांच्या आवाक्यात राहिली आहेत. गिरणगावच्या वाचकाने हे वाक्य दोनदा वाचलं तरी चालेल. आजूबाजूचं बहुतेक सगळं जमीनदोस्त झालं, चर्च राहिलं. १९६६ मध्ये शहराने त्याला वारसा वास्तू ठरवलं.

सत्तरच्या दशकात हे चर्च भलत्याच कारणाने गाजलं. १९६९ च्या स्टोनवॉल दंग्यांनंतर समलिंगी हक्कांच्या चळवळीला सभा घ्यायला जागा मिळत नव्हती, ती इथे मिळाली. १९७३ मध्ये समलिंगी ज्यूंची एक प्रार्थना मंडळी, बेइत सिमखात तोराह, याच चर्चच्या जागेत सुरू झाली. पुढे संख्या वाढल्यावर अनेक वर्षं त्यांची शुक्रवार संध्याकाळची उपासना इथल्याच मुख्य दालनात होत असे. १० जानेवारी १९७७ रोजी बिशप पॉल मूर यांनी एलन बॅरेट यांना इथेच पाळकपदाची दीक्षा दिली. आपण समलिंगी आहोत हे उघड सांगणाऱ्या त्या एपिस्कोपल पंथातल्या पहिल्या पाळक. देशभर वादळ उठलं. कोणाला बाहेर ठेवायचं या प्रश्नावर या मंडळीने आपलं उत्तर अन्नछत्र सुरू होण्याच्या आधीच देऊन टाकलं होतं. ते ध्यानात घेतलं नाही तर अन्नछत्र सुरू झालं ते १९८२ हे साल आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

एवढं असूनही, किंवा त्यामुळेही असेल, मंडळी आटत चालली होती. सभासद थोडे, इमारत जुनी, गळणारं छत आणि हिवाळ्यात ती ऊबदार ठेवायचा खर्च. चर्च बंद करावं की काय, अशी वेळ आली होती. तेव्हाचे मुख्य पाळक रँड फ्रू यांनी जे सुचवलं ते जमाखर्चाच्या वहीत न बसणारं होतं. चर्चला स्वतःला पुरत नव्हतं, तेव्हा त्यांनी लोकांना जेवायला घालायचं ठरवलं. बुडायचंच असेल तर काहीतरी धड करताना बुडू, असा त्यामागचा विचार होता.

२२ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिलं जेवण वाढलं गेलं. पस्तीसएक माणसं आली.

ही माणसं आली कुठून, हे समजून घ्यायला शहराची तेव्हाची अवस्था पाहावी लागते. बेघर म्हणजे आळशी, दारुडा, वेडा असं सरसकट मानायची सोय न्यूयॉर्करांनाही होती. आकडे वेगळं सांगतात. एका खोलीची, सामायिक संडास-न्हाणीची स्वस्त लॉजवजा घरं या शहरात १९६० मध्ये १,२९,००० होती. १९७८ मध्ये २५,००० उरली. मालकांनी करसवलती घेऊन ती पाडली नाहीतर श्रीमंतांसाठी नवी केली. आपल्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांसारखीच ही घरं. कुणी अभिमानाने दाखवावीत अशी नव्हती, पण एकटा हमाल, आचारी, म्हातारा खलाशी त्यांत दार लावून झोपू शकत होता. दुसरं कारण मनोरुग्णालयांचं. १९६५ मध्ये राज्याच्या मनोरुग्णालयांत ८५,००० रुग्ण होते, १९७९ मध्ये २७,०००. माणसांना घरी पाठवायचं धोरण चांगलं होतं, पाठवायला घर नव्हतं. तिसरं कारण १९८१ पासून रेगन सरकारने कल्याणकारी खर्चाला लावलेली कात्री. त्याच सरकारने १९८१ च्या अखेरीला गोदामांत साठलेलं ३ कोटी पौंड चीज गरिबांना वाटायला काढलं. भत्ता कापायचा आणि चीज वाटायचं, हा न्याय आपल्याकडच्या सरकारांनाही नवा नाही.

या काळातला एक माणूस मला विसरता येत नाही. रॉबर्ट कॅलहन. बावरी भागात उघड्यावर राहणारा हा माणूस पूर्वी उपाहारगृहात झटपट पदार्थ करून देणारा आचारी होता. रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने १९७९ मध्ये त्याच्या नावाने राज्य आणि शहराविरुद्ध दावा लावला. निवारा हा बेघर माणसाचा हक्क आहे, असं म्हणणं होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि शहराने तो हक्क मान्य केला. त्यावर सह्या होण्याआधीच कॅलहन रस्त्यावर मेला होता. हजारोंना गरम खाणं करून देणाऱ्या हाताला शेवटी कुणी ताट दिलं होतं की नाही, कोणास ठाऊक.

या शहरात भुकेल्याला अन्न देणं ही काही फ्रू यांची नवी कल्पना नव्हती. चार-पाच गल्ल्यांवर, एकतिसाव्या रस्त्यावर, सेंट फ्रान्सिस चर्चचे फ्रान्सिस्कन बंधू १९३० च्या मंदीपासून रोज सकाळी दारात पाव वाटत होते. बावरी मिशन १८७९ पासूनचं. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या कॅथलिक वर्कर चळवळीची घरं होती. ऐंशीच्या दशकात फरक पडला तो संख्येत. चर्चांच्या तळघरांतून अशी स्वयंपाकघरं एकामागून एक उघडू लागली. सगळ्यांचा समज एकच. लाट आहे, वर्ष-दोन वर्षांत ओसरेल. म्हणून सरकारी भाषेत अशा कामाला 'आपत्कालीन अन्न' असं नाव पडलं. ते अजून तसंच आहे. चाळीस वर्षं चालणाऱ्या आपत्तीला आपत्ती म्हणावं का, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला नसावा.

अन्न मिळवायची व्यवस्थाही याच काळात घडली. १९८२ मध्येच सिटी हार्वेस्ट ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापक हेलन व्हर्डुइन पॅलिट यांची गोष्ट मजेशीर आहे. बटाट्याची भाजलेली सालं भरून देण्याची तेव्हा हॉटेलांत फॅशन होती. सालं ताटात येतात, मग आतला बटाटा जातो कुठे, असं त्यांनी एका उपाहारगृहात विचारलं. उत्तर मिळालं, कचऱ्यात. त्या प्रश्नातून हॉटेलांचं उरलेलं चांगलं अन्न गोळा करून स्वयंपाकघरांना पोचवणारी संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी शहराची अन्नपेढी निघाली. आपल्याकडे लग्नाच्या हॉलबाहेर उरलेल्या जिलब्या-मसालेभाताची पातेली उचलून नेणारी पोरं हेच काम करतात, फक्त त्यांच्यापाशी गाड्या कमी आणि गोदामं नाहीत.

पस्तीस माणसांचा आकडा थोड्याच वर्षांत नऊशेच्या घरात गेला. तोवर जेवण शेजारच्या मिशन हाउसमध्ये होत असे. चर्चचं मुख्य दालन बाकांसकट आपल्या जागी. फ्रू यांच्यानंतर आलेल्या विल्यम ग्रीनलॉ यांनी दोन दशकांहून अधिक काळ हे काम सांभाळलं. सुरुवात करणाऱ्याचं नाव स्मरणिकांत मोठ्या अक्षरांत येतं. रोजची पावती, आचाऱ्यांचे पगार, नळ तुंबला तर प्लंबर, देणगीदाराला आभाराचं पत्र हे सगळं निभावणाऱ्याचं नाव बारीक टायपात जातं. ग्रीनलॉ यांना निदान इथे बारीक टाइप नको.

एप्रिल १९९० मध्ये चर्चला आग लागली. छत कोसळलं, बोल्टन यांच्या काही रंगीत काचा कायमच्या गेल्या. बाकी बरंच वाचलं, पण मुख्य दालन आभाळाला उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी मिशन हाउसमध्ये नेहमीसारखी रांग लागली आणि नऊशेच्या वर माणसं जेवली. होली अपॉसल्सच्या लोकांना या दिवसाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. मला मात्र त्याहून मोठी घटना पुढची वाटते.

दुरुस्ती चार वर्षं चालली. १९९४ मध्ये दालन पुन्हा उभं राहिलं. वारसा वास्तू असल्याने छत, नक्षी, काचा, सगळं शक्य तेवढं पूर्वीसारखं करायचं होतं. त्या टप्प्यावर मंडळीने ठरवलं की बाकं परत बसवायची नाहीत. मिशन हाउसची जागा अपुरी पडत होती आणि पलीकडे शहराच्या मध्यावरची एवढी मोठी, उंच, सुंदर खोली आठवड्यातले सहा दिवस रिकामी राहणार होती. जेवण चर्चमध्ये आलं.

या निर्णयाला किती धाडस लागलं असेल ते कुठल्याही विश्वस्त मंडळात बसलेल्या माणसाला कळेल. फरशी खराब होईल, वास राहील, देणगीदार काय म्हणतील, जुने सभासद दुखावतील. आपल्या देवळाच्या सभामंडपात रोज हजार बेघर माणसांची पंगत बसवायचा ठराव मांडून पाहा. प्रभुभोजन ज्या वेदीपाशी होतं तिच्यासमोरच रोजचं जेवण व्हावं, याला ख्रिस्ती विचारात भक्कम आधार आहे. पण आधार असणं वेगळं आणि बाकं काढणं वेगळं. आगीने अर्धं काम केलं होतं. उरलेलं अर्धं माणसांनी केलं, आणि श्रेय त्या अर्ध्याचं.

रोजचं काम कसं चालतं ते थोडं तपशिलाने सांगायला हवं, कारण आपल्या कार्यकर्त्यांना त्यातच रस असणार. नाव सूप किचन असलं तरी वाटीभर सूप देऊन बोळवण होत नाही. ताटात मांस किंवा तशीच पोटभरीची एखादी मुख्य वस्तू, भाजी, भात किंवा पास्ता, पाव, फळ, आणि सोबत काहीतरी पेय. स्वयंपाक पगारी आचारी करतात. बाकी सगळं स्वयंसेवकांवर. दिवसाला पन्नासएक तरी माणसं लागतात. कोणी दारात तिकिटं देतं, कोणी वाढपाच्या ओळीत उभं राहून पळीने एकच पदार्थ वाढत राहतं, कोणी टेबलं पुसतं, कोणी खरकटे ट्रे गोळा करतं. तिकीट फुकट असतं. ते फक्त मोजण्यासाठी आणि रांग सरळ राहण्यासाठी. येणाऱ्याला 'लाभार्थी' म्हणत नाहीत, 'पाहुणा' म्हणतात. हा शब्द बोलायला गोड आहे आणि निभावायला अवघड. पाहुण्याला विचारता येत नाही, की काल जेवून गेलात, आज परत कसे?

स्वयंसेवकांत त्या मंडळीचे सभासद थोडेच. ज्यू, कॅथलिक, काहीच न मानणारे, सुट्टी काढून आलेले बँकवाले, शाळेची पोरं, निवृत्त शिक्षक. काही तर कालपर्यंत रांगेत उभे असलेले. आज ते टेबलाच्या अलीकडे असतात.

आणि पाहुणे सगळेच फुटपाथवर झोपणारे नसतात. काही निवारागृहात राहतात, काहींना खोली आहे पण भाडं दिल्यावर हातात काही उरत नाही. तुटपुंज्या पेन्शनीवरचे म्हातारे असतात. काही चक्क नोकरी करतात आणि जेवणाच्या सुट्टीत येतात. सरकारी भत्ता महिन्याच्या सुरुवातीला मिळतो, त्यामुळे महिनाअखेर जवळ आली की अशा ठिकाणच्या रांगा लांबतात. पगाराच्या आधीच्या आठवड्यात वाण्याच्या उधारीच्या वहीची पानं कशी भरतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. जेवणासोबत सल्ला देणारे कार्यकर्ते असतात. निवारा कुठे मिळेल, कागदपत्रं कशी काढायची, दवाखाना कुठला, हे सांगतात. विचारलं तरच.

एक उपक्रम वेगळा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला इयन फ्रेझियर या लेखकाला एक मोठं अनुदान मिळालं. एखाद्या सेवाभावी संस्थेबरोबर काम करावं, अशी त्याला अट होती. त्याने इथे लेखनाची कार्यशाळा सुरू केली. जेवणं आटोपली की ज्यांना लिहायचंय त्यांनी थांबायचं, एक विषय घ्यायचा, लिहायचं, एकमेकांना वाचून दाखवायचं. हंगामाच्या शेवटी चर्चमध्येच जाहीर वाचन. या लेखनातून निवडलेलं पुस्तक २००४ मध्ये निघालं. स्वतः फ्रेझियरने २००८ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये या स्वयंपाकघरावर मोठा लेख लिहिला. बेघरांवर लिहिणारे खूप आहेत. त्यांच्या हातात कागद-पेन देऊन गप्प बसणारे कमी. एरवी बेघर माणसाची गोष्ट शंभर वेळा विचारली जाते ती अर्जाच्या खिडकीवर, आणि ती त्याने पटवून द्यायची असते. इथे ती कोणाला पटवायची नव्हती.

पुढच्या वर्षांत शहर चर्चच्या अंगावर आलं. जवळच जुन्या मालगाड्यांच्या उंच रुळांवर २००९ मध्ये हाय लाइन ही बाग झाली, जगभरचे पर्यटक येऊ लागले. वायव्येला रेल्वे यार्डावर हडसन यार्ड्स नावाचे काचेचे मनोरे उठले, ते २०१९ मध्ये खुले झाले. तिथल्या एका घराच्या किमतीत हे स्वयंपाकघर किती वर्षं चालेल, याचा हिशेब मी केला नाही. केला असता तर जेवण गेलं नसतं. २००८ च्या मंदीत रांग वाढली. २०१२ मध्ये सँडी वादळाने मॅनहॅटनच्या खालच्या भागाची वीज काही दिवस गेली, तरी इथलं वाढप चालू राहिलं. पहिल्या दिवसापासून कामकाजाचा एकही दिवस चुकला नाही, असं संस्था सांगते.

मार्च २०२० मध्ये करोना आला. शहर बंद झालं, निवारागृहं भीतीने रिकामी होऊ लागली, उपाहारगृहं मिटली. रस्त्यावरच्या माणसाला तेव्हा हात धुवायला नळही राहिला नाही. होली अपॉसल्सने दालन बंद केलं आणि दारात, फुटपाथवर, बांधलेलं जेवण द्यायला सुरुवात केली. दुसरा मार्ग नव्हता. संस्थेच्या मोजणीत हा काळही अखंड सेवेचा आहे, आणि ताटांच्या हिशेबात ते खरं आहे.

माझं मत विचाराल तर चाळीस वर्षांत खरा खंड पडला तो तेव्हाच. १९९४ पासून या संस्थेचं वैशिष्ट्य अन्न देणं हे राहिलेलं नव्हतं. अन्न फ्रान्सिस्कन बंधूही देत होते, सिटी हार्वेस्टच्या गाड्याही देत होत्या. इथे माणसाला आत बोलावून, खुर्चीवर बसवून, रंगीत काचांखाली, समोर दुसरं माणूस असताना जेवू देत होते. दिवसभर ज्याला सगळीकडून 'इथे बसू नका' ऐकायला लागतं, त्याला अर्धा तास बसायला जागा होती. पाकीट हातात घेऊन पायरीवर, भिंतीकडे तोंड करून खाणं हे जेवण आहे, पंगत नाही. आपल्या छत्रातही त्या दोन वर्षांत पाकिटं वाटली. नंतर बरेच जण म्हणाले, पाकिटंच बरी, भांडी घासायला नकोत, गर्दी नको. आकडाही वाढतो. वार्षिक अहवालात तो छान दिसतो. या लेखाची मागणी झाली तेव्हा हे सांगायचं मी ठरवूनच बसलो होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्वयंपाकघराला ४० वर्षं झाली. ज्या कामाची सुरुवात 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून झाली त्याची चाळिशी साजरी कशी करायची, हा पेच आहेच. सुवर्णमहोत्सवही फार दूर नाही. तो येऊ नये अशी इच्छा त्या मंडळींइतकी मनापासून दुसरं कोणी करत नसेल.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं एडिसनला, जर्सी सिटीला आहेत. सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेले आई-वडील लेकाला कामावर सोडून एकदा तरी गाडीने न्यूयॉर्कला जातात, पेन स्टेशनला उतरतात, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर पाहून परत येतात. पेन स्टेशनपासून होली अपॉसल्स पायी दहा मिनिटांवर आहे. आठव्या अव्हेन्यूने खाली अठ्ठाविसाव्या रस्त्यापर्यंत यायचं आणि उजवीकडे वळायचं. शनिवार-रविवार टाळा. स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, आणि सकाळी लवकर पोचावं लागतं. जाऊन आलात तर आपल्या मंगळवारच्या बैठकीत सांगा, मुख्यतः टेबलं किती वेळात मांडतात ते. आपल्या सभागृहात तोच प्रश्न अडला आहे.